नोंदणी नसलेली मावशी

पेटीवाल्याला भांडायला माणूस लागत नसे, वर्तमानपत्र पुरायचं. सकाळी चहाबरोबर तो पहिलं पान उघडायचा आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. फुटपाथवर खुर्ची टाकायला परवानगी, गच्चीवर पत्रा घालायला परवानगी, स्वतः लावलेलं झाड स्वतः तोडायला परवानगी. "उद्या शिंकायलासुद्धा अर्ज करावा लागेल," तो म्हणायचा. "सरकारने चोर पकडावेत, रस्ते नीट ठेवावेत आणि बाकी वेळ गप्प बसावं. माझ्या घरात नाक खुपसायला त्याला बोलावलंय कोणी?"

"रस्त्यांचं नाव काढू नका, तिकडेही खड्डेच आहेत," बायको आतून म्हणायची. तेवढ्यावर विषय संपायचा, कारण तोवर दारात पहिलं मूल आलेलं असायचं.

तो जुने अकॉर्डियन, पेट्या, असली भात्याची वाद्यं दुरुस्त करायचा. मागची खोली त्याची, पुढची मोठी खोली बायकोची. त्या खोलीत ती पाळणाघर चालवायची. दाराला पाटी नव्हती. फार वर्षांपूर्वी एका शेजारणीने एका दिवसापुरतं बाळ ठेवलं होतं, मग तिच्या बहिणीचं आलं, मग बहिणीच्या मैत्रिणीचं, आणि ती रीघ पुढे थांबलीच नाही. या दोघांना स्वतःचं मूल झालं नाही. त्याबद्दल दोघंही फारशी बोलत नसत. पण गल्लीतल्या निम्म्या तरुण पोरापोरींनी पहिलं पाऊल त्या खोलीत टाकलं होतं, आणि लहानथोर सगळे तिला मावशी म्हणायचे.

पेटीवाल्याची मात्र रोजची तक्रार. सूर लावायला शांतता लागते. सुराची पितळी पट्टी कानशीने जराशी घासायची, वाजवून बघायची, पुन्हा घासायची. आणि नेमका सूर कानात बसतोय म्हणेपर्यंत पुढे कोणीतरी डबा आपटायचं, नाहीतर कोणी कोणाला चावायचं.

"अगं, तुझी ती फौज आवर!"

"फौज झोपतेय आता. तुम्हीच ओरडून उठवाल."

मधलं दार त्याने कधी लावलं नाही. लावलं तर हवा खेळत नाही, असं तो सांगायचा.

मग दुसऱ्या एका शहरात पाळणाघराला आग लागली. बाहेरून कुलूप होतं, आणि आतली मुलं गेली. ती बातमी वाचताना पेटीवाल्याने पहिल्यांदाच कोणाला शिव्या दिल्या नाहीत. वर्तमानपत्राची घडी करून ते त्याने बायकोच्या नजरेआड ठेवून दिलं. पुढे त्या आगीतून कायदा निघाला आणि एके दिवशी तपासनीस दारात उभा राहिला.

माणूस तरुण होता, बोलायला मऊ. बसायला मुलांचं बुटकं स्टूल होतं, त्यावर तो गुडघे छातीशी घेऊन बसला. बसतो न बसतो तोच बडबडी त्याच्या मांडीवर चढली. बडबडी म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नर्सची मुलगी. जागी असेपर्यंत तिची जीभ टाळ्याला लागत नसे. तिने त्याला विचारलं, "तुझी आई तुला न्यायला कधी येणार?"

तो हसला. मग खोलीभर नजर फिरवून त्याने हसू आवरलं.

"मावशी, खोली छान आहे. पण बाहेर पडायला दुसरं दार नाही. स्वयंपाकघर वेगळं नाही. आणि तुमचं प्रशिक्षण कुठे झालं?"

"इथेच," मावशी म्हणाली.

पेटीवाला कानस हातात घेऊनच बाहेर आला. "ज्याने कुलूप लावलं त्याला फासावर चढवा, मी टाळ्या वाजवीन. पण त्याच्या पापाची शिक्षा हिला का? पोर कुठे ठेवायचं ते त्याची आई ठरवेल. तिच्यापेक्षा जास्त माया तुमच्या खात्याला आहे का?"

"नाही काका," तपासनीस म्हणाला. "पण जिथे मुलं गेली, तिथल्या आयांनीही स्वतःच ठरवलं होतं. त्यांनाही सगळं ठीकच वाटत होतं. मी चेहरे बघून कायदा कसा लावू?"

पेटीवाल्याकडे उत्तर होतं. त्याच्याकडे नेहमीच असायचं. पण बडबडीने त्या माणसाच्या खिशातलं पेन काढून स्वतःच्या हातावर रेघोट्या ओढायला घेतल्या होत्या आणि तो तिला ओढू देत होता. त्या माणसावर ओरडणं पेटीवाल्याच्या जिवावर आलं.

दुसरं दार काढायचं तर ते शेजाऱ्याच्या न्हाणीघरात उघडलं असतं. नगरपालिकेत सुनावणी झाली. पेटीवाला धुतलेला सदरा घालून गेला आणि असा बोलला की मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी त्याचे आभार मानले आणि पाळणाघर बंद करायचा हुकूम दिला. बेकायदा जागी मूल ठेवणाऱ्या पालकांनाही दंड होणार होता. आया एकेक करून आल्या, मावशीच्या गळ्यात पडून रडल्या, मुलांचे कपडे आणि बाटल्या घेऊन गेल्या. मोठ्या रस्त्यावर नवं बालकेंद्र उघडलं होतं. दारं चार, कॅमेरे भिंतीभिंतीला.

आता पेटीवाल्याला हवी तेवढी शांतता मिळाली. पहिल्या दिवशी तो मुद्दाम लवकर कामाला बसला. पट्टी घासली, वाजवली. सूर बरोबर वाटला. पुन्हा वाजवला, चुकीचा वाटला. घासता घासता त्याने ती पट्टी पार वाया घालवली. त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. घर खायला उठलं होतं. उठून बघितलं तर पुढच्या खोलीत बायको फरशी पुसत होती. सकाळीच पुसलेली फरशी.

"पुरे आता," तो म्हणाला.

"डाग आहे हो इथे."

डाग नव्हता.

पुढच्या आठवड्यात नर्स बडबडीला कडेवर घेऊन गुपचूप आली. तिची कामाची पाळी पहाटे सुरू व्हायची आणि बालकेंद्र उघडायचं उजाडून बराच वेळ गेल्यावर. "मावशी, दोनच तास. कोणाला कळणार नाही. ती आतल्या खोलीत बसेल."

पेटीवाल्याच्या अंगात वारं शिरलं. "ठेव! बिनधास्त ठेव. बघतो कोण अडवतंय ते."

मावशीने बडबडीला घेतलं. तिचे केस मागे सारले, नाक पुसलं, गालाला गाल लावला. मग परत तिच्या आईकडे दिलं.

"नाही गं. मी तुझ्या घरी येऊन बसेन हवं तर. इथे नको."

नर्स गेल्यावर तो भडकला. "घाबरलीस? या लोकांना? आपलं घर, आपली मर्जी!"

"घाबरले नाही," ती म्हणाली. "पण त्या पोरीला काय सांगायचं होतं? बोलू नकोस? हसू नकोस? दारावर थाप पडली की पलंगाखाली जा? लपवून मूल सांभाळता येत नाही हो. तुमची ती मर्जी तिला महागात पडली असती."

हे त्याला लागलं, कारण त्याच्या डोक्यात तेवढा वेळ सरकारच होतं, मुलगी नव्हती.

तेव्हापासून मावशी पहाटे नर्सच्या घरी जाऊ लागली. कायद्याने त्याला हरकत नव्हती. पण ते दोन तास संपले की अख्खा दिवस उरायचा. एकदा दोघं बाजारातून येताना बागेशी थांबली. बालकेंद्राची मुलं एका दोरीला धरून रांगेने चालली होती. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. बडबडीने मावशीला पाहिलं, दोरी सोडली आणि धूम ठोकली.

केंद्राच्या गणवेशातली एक तरुण मुलगी धावत आली. तिने बडबडीला मधेच उचललं. "माफ करा, आपण नोंदणी केलेल्या नातेवाईक आहात का?"

"नाही," मावशी म्हणाली.

"मग जवळ नाही येऊ देता येणार. नियम आहे, आजी." बोलताना त्या मुलीचा चेहरा उतरला होता.

पेटीवाल्याने तोंड उघडलं, पण बायकोने त्याचा दंड असा दाबला की शब्द घशातच राहिले. बडबडी त्या मुलीच्या खांद्यावरून हात हलवत दूर गेली. तिच्या तोंडातून तेव्हा एक शब्द निघाला नाही.

घरी आल्यावर मावशी चपला काढता काढता म्हणाली, "मी त्यांच्या वर्गाला जाणार आहे. प्रशिक्षण घेते, परीक्षा देते. मग तिथेच काम मागते."

"त्यांच्याकडे?" त्याला आधी थट्टाच वाटली. "ज्यांनी तुझं घर बंद पाडलं? कालच्या पोरी तुला शिकवणार मूल कसं धरायचं ते? शरण जाणार तू?"

"मला मुलं हवीत. शरण म्हणा नाहीतर काही म्हणा."

"मी नाही जाऊ देणार!"

बोलून गेला आणि ते शब्द त्याच्याच कानाला विचित्र लागले. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. थोडंसं हसूच येत असल्यासारखी.

"आणि तुमची परवानगी कुठल्या खिडकीवर मिळते?" तिने विचारलं. "आयुष्यभर ऐकतेय मी, ज्याचं त्याने ठरवावं. मी ठरवलंय."

तो मागच्या खोलीत गेला आणि मधलं दार लावून घेतलं. पण आत करणार काय? थोड्या वेळाने दार उघडून त्याने विचारलं, "वर्गाला सोडायला येऊ का?"

"या की."

ती वर्गात सगळ्यांत म्हातारी होती. परीक्षेत पास झाली, काठावर. हात किती वेळ धुवायचे याच्या प्रश्नात तिचे गुण गेले. केंद्रात तिला मदतनीस म्हणून घेतलं. गणवेश तिला खांद्यात सैल व्हायचा. संध्याकाळी ती थकून यायची आणि पेटीवाला चहा पुढे ठेवून, आपल्याला काही पडलेलं नाही अशा आवाजात विचारायचा, "मग, आज कोण रडलं?"

ती सांगायची. कोणाला दात येतायत, कोण झोपेत हसतं. रडणारं मूल उचलण्याआधी पाटीवर वेळ लिहायची असते, ती आधी उचलते आणि बोलणी खाते, हेही सांगायची. कधी म्हणायची, "सगळंच काही वाईट नाही हो. तिथली खोली उन्हाची आहे. आणि दारं खरंच चारही बाजूंना उघडतात." तो यावर वाद घालायचा नाही. घालावासा वाटे, पण मग ती पुढचं सांगायची थांबली असती.

ऐकून भूक भागत नव्हती. एका दुपारी त्याने दुरुस्त झालेला अकॉर्डियन गळ्यात अडकवला आणि बालकेंद्राच्या कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिला. आत जायचं तर पाहुणा म्हणून मंजुरी लागायची आणि ती मागणं काही त्याच्याने होईना. फुटपाथ मात्र सगळ्यांचा. त्याने भाता ओढला. दोन ओळी वाजल्या असतील नसतील, आतून एक किंकाळी आली, मग दुसरी, मग सगळा गोंधळ. खिडक्यांना नाकं चिकटली. "पेटीकाका! पेटीकाका!" हा बडबडीचा आवाज त्याने लगेच ओळखला. तिच्या मागे मावशी उभी होती, कडेवर एक मूल, आणि ती नको नको अशी मान हलवत हसत होती.

पहारेकरी आला. "काका, रस्त्यावर वाजवायला परवानगी लागते."

"वाजवतोय कुठे? दुरुस्त झालाय का ते तपासतोय."

"किती वेळ तपासणार?"

"फार बिघडलाय रे," पेटीवाला म्हणाला.

पहारेकऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तो दुसऱ्या फाटकाकडे चालता झाला.

तेव्हापासून तो अधूनमधून दुपारी तिथे जातो. हिवाळ्यात खिडक्या उघड्या असतात आणि आतला कल्ला थेट रस्त्यावर येतो. तेव्हा तो बराच वेळ थांबतो. उन्हाळ्यात केंद्रात थंड हवेची यंत्रं चालू असतात, काचा नियमाप्रमाणे बंद. मुलं तोंडं उघडून काहीतरी ओरडताना दिसतात. ऐकू काहीच येत नाही. तो कुंपणाला हात लावून थोडा वेळ बघतो, त्यांच्या ओठांवरून काय म्हणत असतील त्याचा अंदाज बांधतो आणि मग सावलीच्या बाजूने हळूहळू घरी जातो.