टायटॅनियमला घासायचं नसतं

रणजीत राठोडच्या हातावर कनेरगाव नाक्याच्या लोकांचा डोळे झाकून विश्वास होता, आणि तो विश्वास रणजीतला अंमळ चढलाही होता. इंजिनचं हेड उघडलं की व्हॉल्व्हला घासायची खरखरीत पेस्ट लावायची, रबरी टोपीची काठी तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची, मग वरून पेट्रोल ओतून पाहायचं. खाली थेंब आला नाही की काम फत्ते. वाशिमकडून लोक यायचे ते त्याच्या या घासण्यासाठीच.

देविदासची रेसची मोटारसायकलही याच नावावर त्याच्याकडे आली. देविदासचं हिंगोलीत ठिबकचं दुकान आणि डोक्यात मातीतल्या रेसचं खूळ. त्यानं टायटॅनियमचे व्हॉल्व्ह मागवले होते. हातात घेतले तर आहेत की नाहीत असे हलके, वर सोनेरी मुलामा.

"टिकतेत ना रे हे?" त्यानं विचारलं.

"लोखंडाच्या वर टिकतेत," रणजीत म्हणाला. खरं तर असले व्हॉल्व्ह तो जन्मात पहिल्यांदा पाहत होता.

विकणाऱ्यानं फोनवर बजावलं होतं, याला पेस्ट लावून घासायचं नाही. व्हॉल्व्ह बसतो ती सीट मशीनवर कापून घ्या आणि व्हॉल्व्ह तसाच बसवा. पण मशीन नांदेडला आणि रेस तोंडावर. रणजीतनं व्हॉल्व्ह नुसते बसवून पेट्रोल ओतलं तर बारीकसं पाझरलं, आणि त्याचे तळवे शिवशिवायला लागले. फोनवरून अक्कल शिकवणाऱ्यांना काय तोटा आहे! थोडंसंच घासू म्हणून त्यानं घासलं. थेंब थांबला. कडेचा मुलामा जाऊन करडी रेघ मात्र उमटली. ती त्याला दिसली, आणि त्यानं हेड बंद करून टाकलं.

गाडी चालवणार होती दिपा. नरसीच्या संतरामची ही लेक दुधाच्या किटल्या बांधलेली मोटारसायकल वावरातून पळवत शिकलेली. हट्टा गावची ही रेस जिंकली तर देविदास तिला पुण्याच्या मोठ्या रेसला उतरवणार होता. पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिल्या सरावानंतर रणजीतनं व्हॉल्व्हच्या दांड्यावरची फट मोजली, तर ती कमी झालेली. त्यानं विकणाऱ्याला आडून आडून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. टायटॅनियमचं सगळं आयुष्य त्या मुलाम्यात असतं. तो गेला की आतला धातू झिजतो, व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जाऊन फट कमी होते आणि एक दिवस व्हॉल्व्ह मान टाकतो. रणजीतनं आधीपेक्षा पातळ चकती घालून फट बराबर केली. पुढच्या सरावानंतर पुन्हा तेच.

"काका, गाडी कशी हाय?" दिपानं विचारलं.

"एकदम बराबर. ओढ बिनधास्त."

हे खोटं आहे हे बोलतानाच त्याला कळत होतं. तरी शब्द मागे घेतला नाही. घासू नको म्हटलेलं घासलं, हे एवढ्याशा पोरीपुढे कबूल करायची त्याला लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

हळद निघालेल्या वावरात रेस झाली. शेवटच्या फेरीत दिपा सगळ्यांच्या पुढे होती. सरळ पट्ट्यावर व्हॉल्व्हचं मुंडकं तुटलं, इंजिन अडकून मागचं चाक जाम झालं आणि पोरगी ढेकळांत फेकली गेली. खांद्याचं हाड मोडलं, जीव वाचला.

"गिअर चुकली," देविदासनं तिथंच निकाल दिला. "खालचा टाकला, इंजिन फाटंस्तोवर फिरलं."

दिपाला पडण्याआधीचं काहीच आठवत नव्हतं, म्हणून तिनंही ते खरं मानलं. नवं इंजिन बांधून पुण्याला देविदासचा भाचा मुन्ना जाणार, हेही ठरून गेलं.

त्यानंतर रणजीतला अन्न गोड लागेना. हात गळ्यात बांधलेली दिपा हेल्मेट परत करायला देविदासबरोबर गॅरेजात आली, तेव्हा त्यानं उरलेले व्हॉल्व्ह दोघांपुढे ठेवले.

"पोरीची चूक न्हाई. माझी हाय. मी याला पेस्ट लावून घासलं. फट कमी होऊन राहिली व्हती, मला मालूम व्हतं. तरी बोललो न्हाई."

देविदास मायेनं हसला. "रणजीत, तुहा हात चुकतो व्हय? पोरीचं मन राखायला सोताला काहून बदनाम करून राहिला?"

"आरं बघ तरी, इथला मुलामा..."

"जळाला असंल."

रणजीतनं शपथ घेतली, आवाज चढवला. पण जितकं जीव तोडून सांगावं, तितका तो दोघांच्या नजरेत मोठ्या मनाचा ठरत गेला. त्याला स्वतःची किळस आली.

दिपाचे डोळे भरून आले. "काका, माह्या पायी तुमी एवढं नका करू. तुमच्या मेहनतीची म्या माती केली. आता गाडीला हात लावणार न्हाई."

आणि मोडका खांदा सावरत ती वाकली आणि त्याच्या पाया पडली.