एका बूथमधल्या दोन विहिणी

सकाळी साडेआठला वरमाय काचेच्या बूथचं दार उघडून आत शिरली, तर दुसऱ्या खुर्चीवर वधूमाय बसलेली.

"या, विहीणबाई," वधूमाय म्हणाली. "तुमच्या नेहमीच्या जोडीदारणीचा घसा बसलाय. संयोजकांनी काल मला गळ घातली."

"अरे वा! बरंच झालं की," म्हणत वरमायने पर्स इतक्या अलगद खाली ठेवली, की वाटावं आत अंडी आहेत.

दोघीही वीस-बावीस वर्षं दुभाष्याचं काम करणाऱ्या. सहा महिन्यांपूर्वी एकीच्या मुलाचं दुसरीच्या मुलीशी लग्न झालं आणि तेव्हापासून ओळखीचे सगळे दुभाषी त्यांना वरमाय आणि वधूमायच म्हणायला लागले. भांडण असं काही झालं नव्हतं. पण लग्नात वधूमायने दहा मिनिटांचं भाषण केलं होतं, महिनाभर घोकून. वरमायकडचे काही नातेवाईक परदेशातून आले होते, त्यांना आपली भाषा कळत नव्हती, म्हणून वरमाय शेजारी उभी राहिली आणि भाषण संपल्यावर त्यांच्या भाषेत म्हणाली, "सगळे आलात, यांना आनंद झाला. जेवण तयार आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती भाषा वधूमायलाही उत्तम येत होती, हीच खरी पंचाईत. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या की मुलांना घाम फुटायचा.

आज स्पर्धा होती कायद्याच्या विद्यार्थ्यांची. आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभं राहिल्यासारखं उभं राहायचं आणि दोन देशांच्या भांडणात एकाची बाजू मांडायची. खटला खोटा, देश खोटे, ज्या धरणावरून भांडण होतं ते धरणही कागदावरचंच. घाम तेवढा खरा. समोर तीन न्यायाधीश, मधले अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती. वादी पक्षाची मुलगी परदेशी संघातली, ती तिच्या भाषेत बोलणार. न्यायाधीश आणि समोरचा संघ हेडफोनमधून ऐकणार ते बूथमधल्या बाईचा आवाज. दुभाषी 'ती म्हणते' असं कधी म्हणत नाही. मुलगी 'मी' म्हणाली की दुभाषीही 'मी'च म्हणते.

अर्धा-अर्धा तास वाटून घेतला. पहिली पाळी वधूमायची.

मुलगी उभी राहिली आणि सुटलीच. नजर हातातल्या कागदावर, जीभ कुठेही अडखळत नव्हती. करार, कलम, पोटकलम, पाण्याची पातळी, सगळं एका दमात. त्यात अध्यक्षांना दर वाक्याला शंका. "थांबा, हे कलम लागू कसं होतं?" मुलगी उत्तर द्यायला तोंड उघडते न उघडते तोच, "बरं, ते असू द्या, पण..." वेळ वाया गेला की मुलगी आणखी जोरात धावायची.

वधूमायचा हट्ट असा, की एकही शब्द सोडायचा नाही. मुलगी तिसऱ्या मुद्द्यावर पोचली तेव्हा ती अजून पहिल्याच्या शेपटाला लोंबकळत होती. कपाळ लाल झालेलं.

वरमायला राहवेना. तिने वहीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गाळा!' वधूमायने मान फिरवली. वरमायने खाली रेघ ओढली. मग तिसऱ्यांदा वही तिच्या नाकासमोर धरून कुजबुजली, "अहो, गाळा आणि पुढे चला!"

माइकशेजारी खोकल्याचं बटण असतं. ते दाबून धरलं की आवाज बाहेर जात नाही. वधूमायने दाबलं, पण बोट पडलं शेजारच्या बटणावर.

"गाळायला हा काय चहा आहे?" ती कडाडली. "मी दुसऱ्याचं बोलणं कापत नाही! तुम्ही मात्र भर सभेत कापलंत, आणि वर मान ताठ!"

काचेपलीकडे तिन्ही न्यायाधीशांनी एकदमच डोकं वर केलं. समोरच्या संघातल्या मुलाच्या हातून पेन पडलं. परदेशी मुलगी बिचारी अजून पाण्याच्या पातळीतच होती.

अध्यक्षांनी हात वर करून तिला थांबवलं, चष्मा काढला.

"वादी पक्षाच्या वकिलांनी न्यायपीठाला बोल लावला आहे," ते सावकाश म्हणाले. "भाषा जरा तिखट झाली. पण आरोप... बरं, मी किती वेळा मध्ये बोललो?"

"नऊ," डावीकडच्या न्यायाधीश बाई म्हणाल्या. त्यांनी मोजलं होतं म्हणजे त्याही वैतागल्या असाव्यात.

वधूमायचा पुतळा झाला होता. वरमायने पटकन दुसरा माइक ओढला आणि अध्यक्षांचं बोलणं मुलीच्या भाषेत सांगितलं, न गाळता. ऐकून मुलगी पांढरीफटक पडली.

"मी असं काही बोललेच नाही!"

आता हेही न्यायाधीशांना सांगणं आलं. "मी असं काही बोललेच नाही," वरमाय हेडफोनमध्ये म्हणाली.

"आम्ही तिघांनी ऐकलं," अध्यक्षांच्या भुवया चढल्या. "बोललात ते एक वेळ चालेल. नाकारू नका."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. वधूमाय भानावर आली आणि माइककडे झेपावली. "चूक माझी आहे, मीच सांगते."

"थांबा," वरमायने तिचा हात धरला. "सुरुवात माझी आहे."

मग तिने घसा साफ केला. "दुभाषी बोलत आहे. मघाची वाक्यं वकिलांची नव्हती. त्या एक अक्षरही वावगं बोललेल्या नाहीत. ती वाक्यं बूथमधल्या एका विहिणीने दुसऱ्या विहिणीला ऐकवली होती. आणि ती बरोबर होती. दुसरी विहीण मीच. दुभाष्यांच्या वतीने न्यायपीठाची माफी मागते, वकिलांची मागते, आणि शेजारी बसल्यात त्यांचीही."

हेच तिने मुलीच्या भाषेतही सांगितलं. 'विहीण' या शब्दाला तिकडे शब्दच नव्हता, म्हणून 'मुलाची सासू' असं काहीतरी जोडावं लागलं.

आधी समोरचा संघ हसत सुटला. मग न्यायाधीश बाई. अध्यक्षांनी रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलत होते.

"लग्नात झालं का हे?" त्यांनी काचेकडे पाहून विचारलं.

"हो," दोघी एकदम म्हणाल्या.

"तो वाद आमच्या अधिकारक्षेत्राबाहेरचा आहे," ते म्हणाले. "पण मी नऊ वेळा मध्ये बोललो, हे कुणीही म्हटलं असतं तरी खरंच. दोन्ही पक्षांना तीन तीन मिनिटं वाढवून. आणि वकीलसाहेब, पाणी प्या, हळू बोला. बूथमध्ये माणसं आहेत."

मुलगी पाणी प्यायली. कागद तिने उलटा ठेवला आणि मनानेच बोलायला लागली, समोरच्याला समजावून सांगावं तशी. वधूमायला एकही शब्द गाळावा लागला नाही. पण एके ठिकाणी मुलीने तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा वधूमायने हळूच ते सोडून दिलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. वरमाय वहीत काहीच लिहीत नव्हती.

निकाल लागला तेव्हा वादी पक्ष अर्ध्या गुणाने हरला होता. मुलगी बूथपाशी आली, विशेष दुःखी दिसत नव्हती. संयोजकांनी मात्र दोघींकडून दोन पानी खुलासा लिहून घेतला. वधूमायने मजकूर सांगितला, वरमायने लिहिला, आणि एका विशेषणावरून दोघींची पाऊण तास हुज्जत चालली. त्या हुज्जतीला गोडव्याचा वासही नव्हता.

तेवढ्यात वरमायच्या मुलाचा फोन आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं.

"आई, तू आणि सासूबाई एकाच बूथमध्ये? सगळं ठीक आहे ना?"

वरमायने फोन स्पीकरवर टाकला. मग दोघींनी मिळून सगळं सांगितलं, एकाच वेळी, एकमेकींची वाक्यं तोडत.

"अहो, एकेकीने बोला!" पोरगा ओरडला. "मला काही कळत नाहीये!"

"तुला नंतर सांगते रे," वधूमाय म्हणाली आणि परत वरमायकडे वळली. "हं, तर ते विशेषण मी काढणार नाही."