बांधावरचा हात
कंपनीने मला सहा महिन्यांसाठी हॉलंडला पाठवलं ते दोन हजार आठ साली. हडपसरच्या शेतकऱ्याचं पोर खराडीच्या ऑफिसातून थेट परदेशात निघालं म्हणून आमच्या आळीत पेढे वाटले गेले. तिथे मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत बसतो, हे मी कुणाला सांगितलं नाही. रविवार मात्र खायला उठायचा. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची सायकल मागून घ्यायची आणि गावाबाहेर वाट फुटेल तिकडे निघायचं, असा माझा क्रम पडला होता.

त्या रविवारी खरं तर मी हडपसरला असायला हवं होतं. महिपतीकाकांनी आपला हिस्सा बिल्डरला दिला होता आणि त्यांच्या नि आमच्या शेतामधली हद्द मोजायची होती. आमच्याकडे मोजणीला घरातला थोरला मुलगा अनवाणी बांधावर उभा राहतो आणि हात करून हद्द दाखवतो. कागद काहीही म्हणोत, तो हात दोन्ही घरं मानतात. आमचा बांध एका कोपऱ्यात वाकडा जात होता, कारण त्या वाकणात आईची समाधी होती. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोनदा फोन करून बोलावलं. मी साहेब रजा देत नाहीत म्हणून सांगितलं. मी रजा मागितलीच नव्हती. या खोटेपणाची लाज वाटत होती, म्हणूनच की काय, मी नेहमीपेक्षा बराच लांब गेलो.

दोन तास सायकल मारल्यावर एका ओल्या कुरणापाशी तिपाईवर यंत्र लावून दोघेजण जमीन मोजताना दिसले. त्यांच्याजवळ एक म्हातारा शेतकरी उभा होता. मी थांबलो, सायकल झाडाला टेकवली आणि बूट काढून हातात घेतले. बूट का काढले, ते मला आजही सांगता येणार नाही. म्हातारा माझ्याकडे वळून त्याच्या भाषेत काहीतरी विचारू लागला. मला एक अक्षर कळलं नाही, पण तो एकदा पाण्याच्या चराकडे हात करी आणि एकदा कोपऱ्यातल्या बुटक्या दगडाला वळसा घालून जाणाऱ्या कुंपणाकडे. दोन्हींतलं कोणतं, असं तो विचारत असावा. मला काय त्याचं? वाकड्यातिकड्या कुंपणापेक्षा चराची सरळ रेघ नीटनेटकी दिसत होती, म्हणून मी हसून चराकडे हात केला. यंत्रावरच्या माणसाने लगेच खुंटी ठोकली.

खोलीवर परतल्यावर आप्पांना फोन लावला. मोजणी कशी झाली म्हणून विचारलं.

"आला व्हतास तर घरला का न्हाय आलास?" ते म्हणाले. "आन् हात असा सरळ का केलास? तुझी आई भाईर ऱ्हायली की रं."

मी त्यांची समजूत घालू लागलो, तेवढ्यात बहिणीने, निशाने, फोन घेतला. तिने मला बांधावर पाहिलं होतं. पाणीही नेऊन दिलं होतं, ते मी घेतलं नाही. "बूट हातात धरून काय उभा होतास?" तिने विचारलं. त्या बुटांबद्दल मी कुणापाशीही बोललो नव्हतो.

पुढचा आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. महिपतीकाकांशी मी दोनदा बोललो. हद्द तूच दाखवलीस, आता मागे फिरू नकोस, असं ते सरळ म्हणाले. जागा सपाट करायला बिल्डरचं मशीन रविवारी येणार होतं. त्याआधी पोहोचता येईल असं विमानाचं तिकीट मिळत होतं. मी ते काढलं नाही. त्याऐवजी पुन्हा सायकल मागितली. मनाशी ठरवलं, त्याच कुरणावर जायचं आणि या वेळी वाकड्या कुंपणाकडे हात करायचा.

कुरण सापडलं. कुंपण उपटलेलं होतं आणि दगडापाशी एक पिवळं मशीन उभं होतं. मशीनवाल्याने माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्यानेही पाहिलं; दोघेही थांबून राहिले. हात उचलायचा तेवढाच अवकाश होता. पण तिथल्या लोकांच्या कामात मी काय म्हणून लुडबुड करतोय, आपण किती हास्यास्पद दिसतोय, हे एकदम मनात आलं आणि मी अवघडलो. तेवढ्यात उजव्या मनगटाला ओढ बसली. पेटका आला असेल असं मला वाटलं. मी हात अंगाशी घट्ट दाबून धरला, पुन्हा ओढ बसली तेव्हा आणखी घट्ट धरला. मशीनचं तोंड खाली आलं. दगड निघायला फार वेळ लागला नाही.

संध्याकाळपर्यंत फोन करायचा धीर झाला नाही. केला तेव्हा आप्पांनीच उचलला. ते दमलेले वाटत होते आणि रागावलेले मुळीच नव्हते, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"म्या लई ओढला रं तुझा हात," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी ओढला. येवढा घट्ट का धरला व्हतास?"