दाजीच्या डंपरला साधा पंप

तीस वर्षं मी पनवेलात ट्रकच्या इंजिनांचे डिझेलपंप खोलतोय. इंजिनाला कान लावून कोणतं नोझल ठिबकतंय ते सांगायचो, आणि ड्रायव्हर लोक माझ्या, अब्दुल्लाभाईच्या हाताची शपथ घ्यायचे. मग कॉम्प्युटरवाल्या गाड्या आल्या. पंपाची जागा सेन्सर आणि वायरींनी घेतली, माझ्या वाट्याला म्हातारे ट्रक उरले आणि लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांना लोक साहेब म्हणायला लागले. त्यांचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

दाजी गव्हाणचा. जमीन विमानतळात गेली, तिच्या बदल्यात मिळालेला प्लॉट विकून त्यानं सेकंडहँड डंपर घेतला आणि विमानतळाच्या भरावावर लावला. तिथं गावच्या गाड्यांना नंबर दिलेले होते, दाजीचा अकरावा. दहा दिवस गाडी दिसली नाही तर नंबर दुसऱ्याला, असं गावकऱ्यांनीच ठरवलेलं. बाप जिथं भात लावायचा तिथं दाजी दगड ओतत होता, पण स्वतःच्या गाडीनं ओतत होता. तेवढीच मालकी त्याच्याकडं उरली होती.

२०१७ च्या दिवाळीनंतर त्याची गाडी बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण चालू व्हायचं नाही. लॅपटॉपवाला येऊन बघून गेला. गाडीचा कॉम्प्युटर गेलाय, नवा यायला तीन आठवडे लागतील, म्हणाला. दाजी दुसऱ्या डंपरला बांधून गाडी ओढत माझ्या दारात आला. मी म्हटलं, ती सगळी थेरं काढून टाकू, साधा पंप बसवतो, चार दिवसांत गाडी साइटवर. दाजीचा चेहरा एकदम सैल पडला. वायरिंगकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. वायरी बघणं हे इलेक्ट्रिशियनचं काम, आणि इलेक्ट्रिशियनला मी कारागीर मानतच नव्हतो.

कळंबोलीच्या भंगार बाजारातून जुन्या इंजिनाचा पंप आणला, खोलून धुऊन आत नवीन सुटे भाग घातले. गाडीची नोझलं, सेन्सर, सगळं उतरवलं. पंप बसवून टायमिंग जुळवलं, पाइप वाकवले, ॲक्सिलरेटरला तार टाकली. बऱ्याच वर्षांनी एवढं पोटभर काम हातात आलं होतं. मी गुणगुणत होतो म्हणे, शेजारचा पंक्चरवाला दिनानाथ अजून सांगतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. काढलेला तुकडा न् तुकडा गोणीत भरून मालकाला परत द्यायचा, म्हणजे मिस्त्रीनं काही लाटलं नाही याची त्याला खात्री. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गोणी भरत होतो. वायरिंगचं वेटोळं करताना बोटाला उघडी तांब्याची तार टोचली. फ्लायव्हीलजवळच्या, इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरची वायर उंदरानं कुरतडून तोडली होती. कॉम्प्युटरला काही झालं नव्हतं. ती वायर पिळून वर चिकटपट्टी मारली असती तर गाडी त्याच दिवशी चालू झाली असती.

बसवलेला पंप अजून चालू केला नव्हता. सगळं परत चढवून दाजीला खरं सांगता आलं असतं. पण मग लॅपटॉपवाल्याला जे दिसलं नाही ते मलाही दिसलं नाही, हे माझ्याच दुकानात उभं राहून मला कबूल करावं लागलं असतं. मी ते वेटोळं गोणीत सगळ्यात खाली घातलं. त्या क्षणी मला लाज वाटली नाही. ती नंतर वाटली, आणि अजून जात नाही.

चौथ्या दिवशी गाडी काळा धूर सोडत गरजली. नंबर वाचला. दाजीनं गव्हाणच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर माझं नाव गाजवलं, अब्दुल्लानं कॉम्प्युटरला उताणा पाडला म्हणून. गोणी त्यानं भंगारात विकून टाकली.

दोन महिने झाले. मग साइटवर नवीन तपासणी सुरू झाली. साइटवाल्यांचा माणूस स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन लावून बघायचा. दाजीच्या गाडीत मशीनशी बोलणारं कोणी उरलंच नव्हतं. गाडी कंपनीतून निघाली तशी नाही, असं म्हणून ती गेटवरूनच परत पाठवली. पुन्हा कॉम्प्युटर बसवायचा तर दुसरी गाडी घेण्याइतका खर्च होता. अकरावा नंबर मोकळा झाला.

दाजी माझ्याकडं येऊन बसला. तो माझ्यावर चिडलेला नव्हता, त्याच्या शिव्या साइटवाल्यांना होत्या. म्हणाला, तू होतास म्हणून दोन महिने तरी चालली. हे मात्र मला सोसवेना. मी सगळं सांगून टाकलं, उंदरापासून गोणीपर्यंत.

त्यानं पायाजवळचा एक नट उचलून बाजूला ठेवला.

"कवा समजला तुला?"

"तिसऱ्या दिवशी. चालू करायच्या आधी."

मला वाटलं, आता तो माझी गचांडी धरेल. धरली असती तर बरं झालं असतं.

"गावात कुनाला बोलू नको," तो म्हणाला. "मी सगल्यांना सांगत फिरलोय." मग उठता उठता म्हणाला, "महादेवची गाडी पन झटके मारते. त्याला धाडतो तुज्याकडं. त्याची पन तशीच कर. माजी एकट्याचीच कशाला?"

महादेव दाजीचा सख्खा चुलतभाऊ. त्याची गाडी बाहेरच्या भाड्यांवर फिरायची, दाजीची गेटवरून का परत आली ते त्याला ठाऊक नव्हतं. आठवड्यानं तो खरोखरच गाडी घेऊन आला आणि दाजीनं सांगितलं तसा पंप बसव म्हणाला. मी गाडीखाली शिरलो आणि आधी वायरिंग चाचपलं. एका सॉकेटमध्ये चिखल भरला होता. तो पुसला, सॉकेट घट्ट दाबलं, झटके थांबले. महादेवला म्हटलं, पंपाची गरज नाही, जा. पैसे घेतले नाहीत. एका गुनाहचं ओझं थोडं उतरलं असं वाटून त्या दिवशी मी नीट जेवलो.

महादेवची गाडी तपासणीत पास झाली. गावात दुसऱ्या कोणाची पास झालेली गाडी रिकामी नव्हती. अकरावा नंबर त्याला मिळाला.

दाजीनं डंपर मिळेल त्या भावात विकून टाकला. आता तो त्याच गेटवर वॉचमन आहे, आत जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहितो. परवा रस्त्यात समोर आला. मी थांबलो. तोही थांबला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

"त्याची वायर बघितलीस," तो म्हणाला. "माजी नाय बघितलीस."