झाकलेली ओळ

ही गोष्ट २००३ सालची. डॅन्यूबकाठच्या रुसे शहरात, चांभाराच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. तिथे झिव्काने एक यादी सुरू केली होती. आसपासच्या गावांतल्या नऊ औषधदुकानांची वेबपानं तिचा प्रोग्राम रोज सकाळी वाचायचा आणि दुर्मिळ औषध कुठे शिल्लक आहे ते सांगायचा. त्या दिवसांत एका डबीसाठी माणसं गावोगाव हिंडत, त्यामुळे यादीचा तिला अभिमान होता.

झिव्काने वीस वर्षं सरकारी संगणकावर चुंबकीय फितींमधून माहिती उपसली होती. वेबपान तिच्या लेखी आणखी एक लांबलचक फीतच. औषधाच्या नावापासून ओळ संपल्याच्या खुणेपर्यंत जे मिळेल ते उचलायचं, असा रेग्युलर एक्स्प्रेशनचा साचा तिने बसवला होता.

ऑफिसचा मालक ऑग्न्यान कुरकुरायचा. "बाई, पान झाडासारखं असतं, फांदीतून फांदी. तू ते दोरीसारखं मोजतेस. सरळ पार्सर लाव, तो फांद्या ओळखून वाचतो."

"दाखव तुझ्या पार्सरला ही पानं. पानातली प्रत्येक खूण उघडली की मिटायची असते, पण निम्म्या मिटायचं कुणाच्या बापाला आठवलेलं नाही. पहिल्याच ओळीला ठेचकाळून पडेल."

"पडला की कळतं तरी. तुझा साचा चुकला तरी पडत नाही, हेच वाईट आहे."

सप्टेंबरात, अंगणात मिरच्या भाजताना शेजारची दिमित्रिना हळूच म्हणाली, "स्तोयकोच्या गोळ्या संपत आल्यात गं. इथे कुठेच नाहीत. तुझं यंत्र काय म्हणतंय?"

स्तोयको तिचा नवरा. त्याला फेफरं यायचं.

"सिलिस्त्राला चार डब्या आहेत," झिव्का म्हणाली.

"आधी फोन करून विचारू का?"

"विचारून वेगळं काय सांगणारेत? आज सकाळचीच यादी आहे."

दुसऱ्या दिवशी दिमित्रिना पहाटेच्या बसने गेली आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतली. "औषधवाली म्हणते, अहो, ते वसंतातच संपलं. पानावर नाहीच म्हणे. खोटारडी मेली."

झिव्काला जेवण गेलं नाही. सकाळी तिने सिलिस्त्राच्या पानाचा मूळ मजकूर उघडला. ओळ होती, पण झाकणाच्या खुणांमध्ये गुंडाळलेली. अशी ओळ वाचणाऱ्याला पडद्यावर दिसतच नाही. औषध पुन्हा आलं तर सगळं नव्याने टाइप करायला नको, म्हणून बाईने ती पुसली नव्हती, झाकली होती. तिथे सगळेच तसं करत. झिव्काही करायची. पण तिच्या साच्याला झाकण कळत नव्हतं.

मग तिने नऊही पानं डोळ्यांनी वाचली. रझग्रादला सहा डब्या होत्या. तिथल्या दुकानदाराने नावाची पहिली दोन अक्षरं ठळक केली होती. नावाच्या मध्येच ठळकपणाची खूण आली, साच्याला नाव ओळखू आलं नाही आणि तो पुढे निघून गेला. रझग्राद बसने तासाभरावर.

तिने दिमित्रिनाला फोन लावला. कुणी उचलला नाही. मग कळलं, गोळ्या पुरवायला स्तोयको चार दिवस अर्धी-अर्धी घेत होता, आणि त्या सकाळी फेफरं येऊन बस डेपोच्या जिन्यावरून कोसळला होता.

"तू गप्प राहा," ऑग्न्यान म्हणाला. "ओळ पानात होती ना? मग तू खोटं कुठे बोललीस?"

"ती बिचारी औषधवाली फुकट शिव्या खातेय," झिव्का म्हणाली आणि कोट चढवून इस्पितळात गेली.

बाकावर बसून तिने सगळं सांगितलं. दिमित्रिनाने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"रझग्रादला होतं?"

"होतं."

"फोन करू का म्हटलं होतं मी."



स्तोयकोचं खुब्याचं हाड जुळलं, पाय आखूडच राहिला. काठी घेऊन तो अकरा वर्षं जगला. सिलिस्त्राच्या औषधवालीला या घोळातलं काहीच कधी कळलं नाही. ऑग्न्यानने त्याच महिन्यात साचा काढून पार्सर बसवला. पुढे ऑफिस विकून तो वार्नाला मुलीकडे गेला. झिव्काने यादी दुसऱ्याच्या हाती दिली आणि पेन्शनपर्यंत पगारपत्रकांचं काम केलं. दिमित्रिना अजून झिव्काच्याच मजल्यावर राहते. जिन्यात गाठ पडली की हवापाण्याचं बोलते आणि दार लावून घेते.