दोन उजव्या बाह्या

मित्रांनो, सेलूच्या कापूस बाजाराकडून जिनिंगकडं जाणाऱ्या गल्लीत कधी आलात, आणि एखाद्या ओसरीतून लयीत खटखट ऐकू आली, तर ती मीच समजा. पायानं चालणारी, काळ्या अंगाची, पोटावर सोनेरी वेलबुट्टी असलेली शिलाई मशीन. वेलबुट्टी आता निम्मी पुसली आहे, आवाज मात्र अजून ठणठणीत आहे.

माझा जन्म लांब पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. लाकडी खोक्यात, पेंढ्यात गुंडाळून मी रेल्वेनं सेलूला उतरले. झुंबरबाई तेव्हा नवी नवरी होती. तिनं मला हळदकुंकू वाहिलं, चाकाला हात लावून नमस्कार केला, आणि तिचा पाय व माझं चाक यांची जी जोडी जमली ती जमलीच. बाळांची झबली, शाळेचे गणवेश, लेकींच्या पाठवणीच्या चोळ्या, काय काय माझ्या सुईखालून गेलं! थंडीच्या दिवसांत जिनिंगमधला कापूस हवेत उडायचा आणि माझ्या दातांत येऊन बसायचा. झुंबरबाई तो हळुवार झाडायची आणि कामाला बसताना गुणगुणायची,

टाक्याला लागून टाका, जशा बहिणी शेजारी,
एक सासरला जाई, दुजी उभी राही दारी.

पुढं बाजारात तयार कपड्यांची दुकानं लागली. झुंबरबाईचे गुडघेही दुखायला लागले. मी कोपऱ्यात गेले. आधी माझ्या पाठीवर टीव्ही आला, टीव्ही भिंतीवर चढला तेव्हा लोणच्याच्या बरण्या आल्या. माझा पट्टा सैल पडला, चाक जाम झालं. मी रुसले नव्हते असं काही म्हणणार नाही.

तेवढ्यात पंकजा आली.

पंकजा ही शेजारच्या आश्रुबांची धाकटी लेक. नुकतीच बारावी झालेली, बोलायला चुरचुरीत आणि पायाला भिंगरी. थोरल्या प्रियदर्शनीचं लग्न ठरलं, तसं तिनं भर अंगणात जाहीर केलं, की आक्काचा लग्नातला ब्लाउज मीच शिवणार. तिला तेव्हा सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. पण प्रियदर्शनीचा धाकटीवर असा जीव, की शिंप्याकडं द्यायला काढलेलं ब्लाउजपीस तिनं परत पेटीत ठेवलं. दुसरं कुणी शिवायचं नाही म्हणाली. गल्लीतल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं.

झुंबरबाईनं बरण्या उतरवल्या, माझ्या सांध्यासांध्यांत तेल सोडलं आणि पंकजाला बसवलं. पण शिवायला नाही. सुई नाही, दोरा नाही, नुसता पाय मारायचा. आता मित्रांनो, माझी एक खोड आहे. नवखा पाय पडला की माझं चाक उलटं पळतं. पंकजाचा पाय म्हणजे पाटातलं पाणी, कधी धो धो तर कधी ठप्प. ती पुढं म्हणायची, मी मागं म्हणायचे. आमचं जमायला बरेच दिवस लागले.

मग आला कागद. जुन्या वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं रेघा मारायच्या आणि बिनदोऱ्याच्या सुईनं रेघेवरून जायचं. सरळ जायचं, रेघ संपली तिथंच थांबायचं, कोपरा आला की सुई आत ठेवून कागद वळवायचा. बस, एवढंच. पंकजाच्या मोबाईलमध्ये मात्र नवे नवे गळे चमकत होते. मटका गळा, जाळीचा गळा, लटकनांचा गळा. शेवटी ती वैतागली.

“मावशी, कागदाचा ब्लाउज घालून आक्का बोहल्यावर उभी ऱ्हायची का?”

झुंबरबाईनं कागद उजेडात धरला. त्यातून बारीक बारीक ऊन गळत होतं.

“बघ, कशी वाकडी चाललीस. दोरा असला की वाकडेपण झाकतं, पोरी. भोकं झाकत न्हाईत. ही भोकं सरळ झाली की मग तुझा तो मटका का बिटका.”

पंकजानं नाक मुरडलं, पण पुन्हा बसली. रोज कॉलेजातून आली की कागद. भोकांची रांग हळूहळू सरळ व्हायला लागली होती. तेवढ्यात झुंबरबाईला लेकीकडं येलदरीला जावं लागलं. जाताना तिनं बजावलं, की कापडाला कैची लावू नकोस, मी आले की दोघी मिळून कापू. किल्ली पंकजाकडं आली, लग्न जवळ आलं, आणि पोरीला धीर निघेना. एका दुपारी तिनं माझ्या चाकाला मोबाईल टेकवला आणि ते मोरपंखी, रुंद जरीकाठाचं ब्लाउजपीस पसरलं.

खरं सांगते, मलाही मजा येत होती. पाठीमागचा गळा तिनं असा सुरेख काढला, लटकनं अशी लावली, की मी स्वतःवर खूश. आता राहिल्या बाह्या. बाह्या नेहमी जोडीनं कापतात. कापड दुहेरी करायचं, सुलट्याला सुलटं लावायचं आणि एकदाच कैची चालवायची, म्हणजे एक डावी होते, एक उजवी. ही शिवणकामातली अगदी पहिली गोष्ट. पण काठ वाचवायच्या नादात पंकजानं आधी एक बाही कापली. मग तीच बाही तशीच कापडावर ठेवून तिच्या मापानं दुसरी कापली.

झालं! लग्न परवावर आलं आणि प्रियदर्शनीनं ब्लाउज घालून पाहिला. गळा बघून बाया वा वा म्हणाल्या. मग तिनं डावा हात उचलला. मुंढ्यापाशी, म्हणजे बाही खांद्याला जोडते तिथं, चुण्याच चुण्या पडल्या आणि हात अर्ध्यातच अडकला. नर्मदाबाई, म्हणजे पोरींची आत्या, जवळ आली. तिनं बाही चाचपली.

“अगं बया, नवरीचे दोन्ही हात उजवेच हायत की. बरं झालं, सासरी कामाला लय पुरंल.”

ओसरी हसली. प्रियदर्शनीसुद्धा हसली. ती म्हणाली, “राहू दे गं पंके. मी पदर घेते की खांद्यावरून. कोण बघायलंय?”

पंकजाला आत्याचा टोमणा लागला नाही, आक्काचं ते समजावणं लागलं. सगळे गेल्यावर तिनं माझ्या फळीवर डोकं ठेवलं आणि फळी ओली केली. शिंप्याकडं जायला वेळ उरला नव्हता, आणि तसलं कापड कुठं मिळणार नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं झुंबरबाई परत आली. तिनं ब्लाउज उलटसुलट केला आणि आधी पोटभर हसून घेतलं. मग उरलेलं कापड मागितलं. साधं कापड बाहीपुरतं होतं, काठ मात्र संपला होता. तिनं चुकीची बाही उसवायला लावली. पंकजानं तिचा काठ कापून वेगळा काढला. मग काठ काढलेली तीच बाही साध्या कापडावर सुलट्याला सुलटी ठेवून डावी बाही कापली. आता तिला तो काठ जोडायचा होता.

झुंबरबाई म्हणाली, “टीप काठाच्या कडेकडेनं गेली पाहिजे. जराशी जरी सरकली तरी जोड दिसंल, आन मग सुईची भोकं जरीत कायमची. मी मारू का तू मारतीस?”

पंकजानं हात धुतले, कोरडे केले, मला तेल दिलं आणि सुईतला दोरा काढला. एका कागदावर एक लांब सरळ रेघ ती चालून आली. कागद उजेडात धरून पाहिला, बाजूला ठेवला, दोरा ओवला आणि काठ माझ्या सुईखाली घेतला.

तिचा पाय पडला आणि मला कळलं, की हा पाय आता पाटातलं पाणी राहिला नाही. ही तर विहिरीवरची शांत मोट. मी एका लयीत निघाले. ती मोबाईलकडं बघत नव्हती, माझ्याकडंही नाही, फक्त जरीच्या कडेकडं. तिचा श्वास माझ्या चाकासारखा फिरत होता. जिथं काठ संपला, तिथंच आम्ही दोघी थांबलो.

सकाळी नर्मदाबाई चष्मा लावून जोड शोधायला बसली. पुष्कळ वेळ दोन्ही बाह्या ताणून बघितल्या आणि शेवटी बोट ठेवून म्हणाली, ही बघा इथं दिसायलीय. बोट उजव्या बाहीवर होतं, जिला कुणी हातच लावला नव्हता. ओसरी पुन्हा हसली, आणि त्या हसण्यात आत्याबाईही सामील झाल्या.

मित्रांनो, मला शिकवता येत नाही, मी नुसती चालते. पण माझ्यावर बसून गेलेले कितीतरी पाय मी ओळखते. तुम्ही काहीही शिकत असाल, पाढे असोत, पेटी असो नाहीतर पोहणं, पहिला धडा रटाळ वाटला म्हणून त्याच्यावरून उडी मारू नका. त्याच्याशी मैत्री करा. नक्षी हौसेला लागते, पण अडल्या वेळी हात धरायला तो साधा धडाच येतो. आणि घरात माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात पडलं असेल, तर थेंबभर तेल द्या. आम्ही लगेच बोलायला लागतो.

आता लग्नाचं तेवढं सांगते. पाहुण्यांना जागा व्हावी म्हणून मला मांडवाच्या कडेला आणलं होतं, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. अंतरपाट सरला. प्रियदर्शनीनं हार उचलला, तोच आदिनाथच्या, म्हणजे नवरदेवाच्या दोस्तांनी त्याला थट्टेनं खांद्यावर उचलून धरलं. अख्खा मांडव नवरदेवाकडं बघत हसत होता. पंकजा तेवढी डाव्या मुंढ्याकडं बघत होती, आणि मीसुद्धा. प्रियदर्शनीनं टाचा उचलल्या, दोन्ही हात सरळ वर नेले, आणखी वर, जिथवर जातील तिथवर. एक चुणी पडली नाही. हार नेमका गळ्यात पडला.