थांबायचे टेबल

मित्रांनो, संस्थेच्या मोठ्या दारातून आत आलात की उजव्या हाताला दोरीच्या कठड्याआड एक लांब, अरुंद टेबल दिसेल. त्यावर काच आहे. शेजारच्या पाटीवर लिहिले आहे, 'कृपया हात लावू नये'. ते टेबल म्हणजे मी. आता मी म्हातारे झाले आहे. येणारी मुले पाटी वाचतात आणि शहाण्यासारखे हात मागे घेतात. तेवढे शहाणपण त्यांनी केले नसते तर मला बरे वाटले असते.

माझा जन्म एका लाकडाच्या वखारीत झाला. वखारीच्या मालकांना सगळे काका म्हणत. त्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. तिला सगळे समजत होते, फक्त शब्द सापडत नसत. काका स्वभावाने घाईचे. ती तोंड उघडायची आणि काका म्हणायचे, "पाणी ना? हे घे." तिला पाणी नको असायचे. शेवटपर्यंत तिच्या वतीने काकाच बोलत राहिले. ती गेल्यावर मात्र तिला काय काय म्हणायचे होते, या विचाराने ते झुरू लागले. म्हणून त्यांनी वाचा शिकवणाऱ्या एका बाईंना गाठले आणि दोघांनी मिळून अशा रुग्णांसाठी एक छोटे घर काढले.

बाईंनी माझे माप सांगितले तेव्हा सुतार हसला. "बाई, एवढं अरुंद? यावर जेवायचं की इस्त्री करायची?"

बाई म्हणाल्या, "समोरच्या माणसाचे ओठ दिसले पाहिजेत. बाकी तुमच्या मनासारखं करा."

घर चालवायला पैसा लागतो. काकांनी आपल्या ओळखीची मोजकीच माणसे जमवली. त्यात एक कापडवाले होते, एक छापखानेवाले होते आणि एक डॉक्टरीणबाई होत्या. या गटाचे नाव ठेवले सोबती मंडळ. सोबती व्हायचे तर दरवर्षी मोठी देणगी द्यायची, आणि आठवड्यातून एक तास माझ्यापाशी येऊन एका रुग्णासमोर बसायचे. तास चुकवणाऱ्याची देणगी बाई परत पाठवीत. एकदा खरेच पाठवली होती.

तो तास असा असे. मीठ, चमचा, चहाचा कप रुग्णाच्या हाताला लागणार नाही असे ठेवायचे. त्याला हवे ते त्याने मागायचे. शब्द अडला तर समोरच्याने थांबायचे. कितीही वेळ लागो, मधला शब्द कुणी पुरवायचा नाही. जो पुरवेल त्याने सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या. सुरुवातीला मोरीपाशी बहुतेक काकाच दिसत.

काकांच्या समोर बसत ते कंडक्टरदादा. उभा जन्म बसमध्ये घंटी ओढण्यात गेलेला. झटक्यानंतर उजवा हात गेला, लिहिणे गेले आणि तोंडात एकच शब्द उरला, तिकीट. मीठ हवे तरी तिकीट, चहा हवा तरी तिकीट.

"दादा, मिठाला कशाला तिकीट?" काका म्हणत. "ते फुकटच प्रवास करतं."

दादा गदागदा हसत आणि पुन्हा प्रयत्न करीत. एके दिवशी त्यांनी "मीठ" म्हटले तेव्हा स्वयंपाकघरातल्या मावशी पदराला हात पुसत धावत आल्या. काकांनी माझ्यावर अशी थाप मारली की कप आडवा झाला. मित्रांनो, तो चहा माझ्या लाकडात मुरला आहे. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस.

मंडळ वाढू लागले. छापखानेवाल्यांनी आपल्या व्याह्यांना आणले, व्याह्यांनी कारखानदारांना. पाहता पाहता मोजकी माणसे होती तिथे मोठा दिवाणखाना अपुरा पडू लागला. वाईट झाले असे मी म्हणणार नाही. त्या देणग्यांतून लांबच्या गावांत वाचा शिकवणारी माणसे गेली, नवी इमारत उठली. ज्यांना कुणी विचारले नसते अशी शेकडो माणसे बोलती झाली. पण एवढ्या सोबत्यांना एक तास कुठून आणायचा? तास ऐच्छिक झाला. बाई थकून निवृत्त झाल्या. काका मंडळाचे अध्यक्ष झाले आणि त्यांचा स्वतःचा तास आधी महिन्यावर गेला, मग राहूनच गेला. त्याऐवजी दरवर्षी थाटाचा मेळावा भरू लागला. मेळाव्यात मला मखमल पांघरून मंचावर नेत आणि माझ्यापाशी बसून एक रुग्ण एक वाक्य बोले. टाळ्यांचा कडकडाट होई. "हेच ते टेबल!" असे म्हणून लोक माझ्याबरोबर फोटो काढीत. मला अभिमान वाटे. खोटे कशाला सांगू?

दादांची लेक कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. महिन्यातून एकदा ती यायची. एकदा ती माझ्यापाशी बसून म्हणाली, "बाबा, घरमालक जागा मागतोय. तुम्ही घरी येणार असाल तर मी भांडून दोन खोल्या धरून ठेवते. नाहीतर सोडते आणि कारखान्याच्या वसतिगृहात राहते. पण तुम्ही सांगा. मी विचारते तेव्हा तुमची मान कधी अशी जाते, कधी तशी. मला काही कळत नाही. इथे तुमची नीट काळजी घेतात, मी दिवसभर बाहेर. माझ्या मनानं ओढून नेलं आणि तुमचे हाल झाले तर? मेळाव्याला येईन तेव्हा तोंडानं सांगा."

ती गेल्यापासून दादा रोज दुपारी माझ्यापाशी बसू लागले. समोर मावशी. तीन शब्दांचे वाक्य होते, "मला घरी ने." पहिल्या शब्दानंतर एवढी मोठी दरी होती की मावशींची भाजी निवडून व्हायची. पण मावशी ओठ घट्ट मिटून बसत. शेवटी वाक्य जमले. समोरचा थांबला तर जमे.

"तुमच्या लेकीला मी काही सांगणार नाही हं," मावशी म्हणाल्या. "हा मान तुमचा. मी मध्ये पडले तर बाई निवृत्तीतून उठून येतील आणि वर्गाबाहेर काढतील मला." दादा खूप हसले. त्या वर्षी मंचावर बोलायला दादांचेच नाव ठरले.

मेळाव्याचे जेवण बाहेरून येणार होते, म्हणून मावशींना त्या दिवशी सुट्टी दिली. सभागृह भरले होते. पाहुण्यांची भाषणे लांबली. प्रमुख पाहुण्यांना निघायची घाई झाली. दादांना खुर्चीवर बसवले. समोरच्या रांगेत लेक होती. दादांनी डावा हात माझ्यावर ठेवला.

"मला..." दादा म्हणाले.

पुढे दरी आली. मला ती दरी ओळखीची होती. मी मनात म्हणत होते, थांबा, पलीकडून शब्द निघाला आहे, येतोच आहे. कुणीतरी खोकले. कुणीतरी घड्याळ पाहिले. दादांचे ओठ हलले. आणि काकांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून माईक आपल्याकडे ओढला.

"मला इथे सगळं मिळालं, असं म्हणायचंय आमच्या दादांना!"

एवढ्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. दादांची मान जोरजोराने हलत होती, अशीही आणि तशीही. लेक धावत मंचावर आली, त्यांच्या गळ्यात पडली. "बाबा, किती घोर होता हो मला! सुटले मी." दादांचे तोंड उघडे होते. त्यांच्यापुढे पुष्पगुच्छ आला.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर आल्या. "दादा काय छान बोलले!" असे जो तो सांगू लागला. ते वाक्य त्यांनी दोनदा विचारून घेतले. मग तडक अध्यक्षांच्या खोलीत जाऊन त्यांनी काकांना दादांचे खरे वाक्य सांगितले. काका टोपी न घेताच लेकीच्या कारखान्यात गेले.

लेक आली. दादांसमोर बसली. काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांना 'बसा' म्हणायचे भान कुणाला नव्हते.

"बाबा," ती म्हणाली, "सकाळीच किल्ल्या दिल्या हो मी. पाया पडले मालकाच्या. पण त्यांनी दुसऱ्यांना जागा दिली. सामानही आत गेलं त्यांचं. मी दुसरी बघते, पण..." पुढे तिला बोलवेना.

कुणीच तिचे वाक्य पुरे केले नाही.

दादांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग त्यांच्या तोंडून, कधीही न घोकलेले, एकदम स्वच्छ दोन शब्द आले. "असू दे."

त्यानंतर दादा बोलले नाहीत. काका पुन्हा दर आठवड्याला येऊन त्यांच्यासमोर बसत. "दादा, आज मी थांबतो. संध्याकाळ होईपर्यंत थांबतो," असे म्हणत आणि खरेच थांबत. दादा त्यांच्याकडे पाहत, मीठही मागत नसत. लेकीला नवी खोली मिळाली त्याच महिन्यात त्यांना दुसरा झटका आला आणि ते गेले. ती त्यांना न्यायला आली होती, तिने नुसते सामान नेले. काकांनी अध्यक्षपद सोडले.

मंडळ अजून वाढतेच आहे. नव्या अध्यक्षांनी मला इथे दोरीच्या आत आणून ठेवले. मला रोज पुसतात, चांगले तेलपाणी करतात.

मित्रांनो, माझी एवढी जपणूक नको. ही दोरी सोडा, काच उचला, समोरासमोर बसा आणि चहा सांडा. तुमच्या घरी, शाळेत कुणी बोलता बोलता अडले, तर त्याचा शब्द तुमच्या ओठांवर आला तरी गिळा. मदत करायची फार घाई होईल. माझ्या काकांनाही झाली होती, आणि त्यांचे दादांवर खरे प्रेम होते.